सरड्याने तोंड फिरवलं

आमच्या शाळेत सगळ्यात चांगलं कोण जेवायचं, तर विज्ञानाच्या सरांचा सरडा. मुलांना खिचडी. आम्हा शिक्षकांना घरून आणलेली गार पोळी-भाजी. आणि त्या सरड्याला रोज सकाळी शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा, कोवळी भेंडी, वर जास्वंदीची एक पाकळी. हे सगळं डब्याच्या झाकणात मांडून सर त्याच्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "या, बसा जेवायला." आम्हाला त्या माणसाने इतक्या वर्षांत चहालासुद्धा कधी "या" म्हटलं नाही.

माणूस शाळेतून गेला की त्याच्याबद्दल गोड बोलायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते जमणार नाही. सर खडूस होते. वर्गात खडूस, स्टाफरूममध्ये त्याहून खडूस. चिंचपोकळीला चाळीत एकटे राहायचे आणि लालबागपर्यंत चालत यायचे, वाटेत भाजीवाल्यांशी भांडत. दुसऱ्याचा डबा उघडा दिसला की वाकून बघायचे. एकदा माझ्या डब्यात डोकावले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, पोळी पिवळी, बटाटा पिवळा, डाळ पिवळी. हिरवं कुठाय?"

"हिरवं तुमच्या सरड्याने खाल्लं," मी म्हटलं.

सगळे हसले. सर नाही हसले. "पोट भरणं वेगळं, बाई, आणि जेवणं वेगळं," एवढंच म्हणाले आणि पाठ करून बसले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलांना, शिपायाला, मोठ्या बाईंना, सगळ्यांना ते एकदा तरी ऐकावं लागलं होतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. गरीब बाई, रिटायर होईपर्यंत काही घडू नये एवढीच त्यांची इच्छा. आणि दुसऱ्याच्या डब्याला नावं ठेवणाऱ्या सरांच्या स्वतःच्या डब्यात काय असायचं? देठांची भाजी. पाला खुडून सरड्याला, उरलेले देठ ह्यांना. मी स्वतः पाहिलंय.

सरडा आला तो बुटाच्या खोक्यातून. सरांचा एक जुना विद्यार्थी परळच्या टॉवरमध्ये कुणाकडे ड्रायव्हर होता. मालकाच्या मुलाने हौसेने तो परदेशी सरडा, ज्याला ते ड्रॅगन म्हणतात, घेतला, चार महिने खेळवला, मग कंटाळा आला. "टाकून ये कुठेतरी," मालक म्हणाले. ड्रायव्हरला टाकवेना, त्याने सरांकडे आणला. टीचभर अंग, गळ्याखाली काट्यांची दाढी, आणि पाय असे लटपटत होते की धड उभं राहता येईना. तिकडे त्याला नुसत्या अळ्या आणि बिस्किटं घालत होते म्हणे. सरांनी त्याला उचलून पाय दाबून पाहिले आणि त्यांचा चेहरा जो फुलला! "मुडदूस, बाई! पुस्तकात शिकवतो तो मुडदूस! कॅल्शियम नाही, ऊन नाही!" दुसऱ्याचं दुखणं बघून एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मग सुरू झालं. टॉवरमध्ये त्याच्यासाठी खास दिवा होता, हजारोंचा. आमच्या प्रयोगशाळेत ट्यूब बदलायची तर अर्ज करावा लागतो. सर रोज सकाळी त्याला खांद्यावर घेऊन गच्चीत उन्हात बसायचे. बाजारातून मुळ्याचा पाला, फ्लॉवरची पानं, भाजीवाल्या कोपऱ्यात ढकलतात ते सगळं मागून आणायचे. आमच्या ओळखीची एक भाजीवाली त्यांना म्हणाली, "मास्तर, ससे पाळलेत काय?" "सरडा," सर म्हणाले. तिने पाल्यावरचा हात काढून घेतला आणि चक्क देवाचं नाव घेतलं. पण महिन्याभरात तीच हाक मारायला लागली, "ओ मास्तर, तुमच्या ड्रॅगनचा पाला काढून ठेवलाय!" कोळणीकडून माकुलीचं हाड आणायचे, गच्चीवर वाळवायचे, खलबत्त्यात कुटून त्याची पांढरी पूड पाल्यावर भुरभुरायचे. तेच त्याचं कॅल्शियम. प्रयोगशाळेला कायम मासळीबाजाराचा वास. सातवीची मुलं नाक धरून अणू-रेणू शिकली.

आणि रातकिडे! त्याला आठवड्यातून दोनदा किडे लागायचे. दुकानात ते महाग, म्हणून सरांनी एका बादलीत अंड्यांचे पुठ्ठे रचून त्यात वाढवायला घेतले. भर परीक्षेत, सगळा वर्ग चिडीचूप असताना, आतून किर्रर्र सुरू व्हायचं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, "हा आवाज कसला?" मोठ्या बाई तत्काळ म्हणाल्या, "पंखा, साहेब." पंखा बंद होता.

एका मुलाने कौतुकाने काडेपेटीत घालून घरचं झुरळ आणलं तर सर त्याच्यावर ओरडले, "चाळीतलं झुरळ! विषाच्या खडूवरून चालत आलेलं! मारायचंय याला?" तो पोरगा रडला. सरांनी ढुंकून पाहिलं नाही. भाजी चिरत बसले. त्या चिरण्याचा पण नियम होता. घास सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा, त्याहून मोठा नाही. पालकाची भाजी नाही, आंबट चुका नाही, ते कॅल्शियम अडवतात. मी मनात म्हणायची, लग्न केलं असतं तर ती बाई एका आठवड्यात माहेरी गेली असती.

पण नियमाने वागणाऱ्या माणसाची एक गंमत असते. तो स्वतःच्या पायावरसुद्धा नियमाने धोंडा पाडून घेतो. सरडा प्रयोगशाळेच्या कपाटात राहायचा, आणि शाळेत कपाट अडवायचं तर आतल्या वस्तूची नोंद पाहिजे, म्हणून सरांनी तो डेड स्टॉकमध्ये, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, चढवला. स्वतःच्या हाताने. दोन मायक्रोस्कोप, एक सांगाडा, एक सरडा. "जिवंत जनावर डेड स्टॉकमध्ये?" मी विचारलं. "नोंद नसेल तर उद्या कोणीही उचलून नेईल," सर म्हणाले. त्या वेळी आम्ही पोट धरून हसलो होतो.

आता पटाचं सांगते. मराठी शाळेत नोकरी करणाऱ्याला मे महिना नसतो. मुलं मिळाली नाहीत तर वर्ग तुटतो, वर्ग तुटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि कुठेतरी फेकला जातो. म्हणून आम्ही उन्हात चाळी चढायचो, दारोदार, "ताई, पाचवीत घाला ना आमच्याकडे, वह्या फुकट देतो." ताई दाराआडून म्हणायच्या, "इंग्लिशला घातलाय." सर कधी आले नाहीत. "मी पोरांची भीक मागत फिरणार नाही," म्हणायचे. माझे पाय सुजले, तोंड काळं पडलं, आणि ह्यांचं आपलं गच्चीवर सरड्याला ऊन देणं चालू. राग यायचा. आजही येतो.

आणि त्या वर्षी काय झालं? जिथे जाईन तिथे बायका म्हणायला लागल्या, "ती ड्रॅगनवाली शाळा का? आमचा बबड्या मागे लागलाय." पाचवीचा वर्ग वाचला. आम्ही उन्हात मेलो आणि वर्ग वाचवला सरड्याने. संस्थेच्या अध्यक्षांनी, आम्ही त्यांना साहेब म्हणतो, गेटवर मोठा बॅनर लावला. एका बाजूला साहेबांचा फोटो, दुसऱ्या बाजूला सरड्याचा. कोणाला दाढी शोभते यावर स्टाफरूममध्ये आठवडाभर विनोद चालले.

सरांनी पाचवीला समतोल आहाराचा धडा सरड्यावरूनच शिकवला. रोज एका मुलाची पाळी, घरी आई भाजी निवडते त्यातला मूठभर पाला आणायचा. मुलं हौसेने आणायची. वर्गात श्रावणी नावाची एक मुलगी होती, काडीसारखी, सतत कसली तरी चौकशी करणारी. तिची पाळी तीनदा चुकली. चौथ्यांदा सरांनी खडसावलं तेव्हा म्हणाली, "सर, आमच्याकडे पाल्याची भाजी येतच नाय. आई रात्री कामावरून येताना वडापाव आणते." आणि मग, उद्धटपणे नाही, खरोखरच कळत नव्हतं म्हणून तिने विचारलं, "सर, याला सहा भाज्या कशाला? आम्ही तर नुसती खिचडी खातो."

वर्ग हसला. मी शेजारच्या वर्गात होते, भिंत पातळ, मला सगळं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून सर खिचडीच्या टोपाजवळ जाऊन उभे राहायला लागले. मुलांना वाढायच्या आधी एका शिक्षकाने चव घ्यायची, असा नियमच आहे. आम्ही ते काम पाळीपाळीने करायचो, म्हणजे टोपाकडे बघून "बरी आहे" म्हणायचो. सरांनी सगळ्या पाळ्या स्वतःकडे घेतल्या. झाकण उघडायचे, पळीने तळापासून ढवळायचे. "डाळ कुठाय? भाजी कुठाय? हे पिवळं पाणी आहे." वाढणारा माणूस म्हणायचा, "सर, मी फक्त आणतो." खिचडीचं काम कागदावर एका महिला बचत गटाकडे होतं. त्या गटातल्या महिला कोणी पाहिल्या नव्हत्या. साहेबांचा मेव्हणा मात्र सगळ्यांनी पाहिला होता.

मोठ्या बाईंनी सरांना बोलावून हात जोडले. "सर, ह्यात पडू नका हो. तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. मुलांचं जातंय," सर म्हणाले. "ह्या टोपातला घास मी माझ्या सरड्याला घालणार नाही."

"सरड्याची गोष्ट वेगळी."

"तेच तर विचारतोय. वेगळी का?"

मग पालकसभा झाली. साहेब खास आले होते, कारण त्या दिवशी मुलांच्या आया-बापांना ड्रॅगन दाखवायचा कार्यक्रम होता. हॉल भरला होता. टेबलावर लाल कापड, त्यावर सरडा, अंगावर ऊन यावं म्हणून खिडकी उघडलेली. साहेब बोलले, संस्थेने विज्ञानासाठी किती केलं वगैरे. लोकांनी मोबाईल वर धरले. साहेब म्हणाले, "सर, जरा त्याला खाऊ घालून दाखवा."

सरांनी टेबलाखालून स्टीलची ताटली काढली. तिच्यात त्या दिवशीची शाळेची खिचडी होती. सरड्यापुढे ठेवली. म्हणाले, "या, बसा जेवायला."

सरडा थोडा पुढे आला. जीभ बाहेर काढून ताटलीला लावली. मग मान वर केली आणि सावकाश तोंड फिरवलं, खिडकीकडे. हॉलमध्ये मुलं खिदळली. सरांनी ताटली उचलून सगळ्यांना दाखवली आणि त्यांच्या त्या खडूस, कोरड्या आवाजात म्हणाले, "बघितलंत? हे याला चालत नाही. तुमच्या मुलांना रोज चालतं."

मला वाटलं, आता स्फोट होणार. आता ही माणसं उठणार, साहेबांना विचारणार, मेव्हण्याची अब्रू निघणार. स्फोट झाला. पण कुठे झाला बघा. पहिल्या रांगेतली एक बाई उठली, मालवणातली, तोंडाची फटकळ. "मास्तरांनू, आमची पोरां काय सरडे आसत काय?" तिच्या मागून एक बाप उठला. "आमच्या पोरांची बरोबरी जनावराशी? गरीब म्हणून काहीपण बोलणार काय?" मग काय, सगळा हॉल उठला. "माफी मागा!" "माजलाय मास्तर!" सर ताटली हातात धरून उभे. "अहो, ऐका, मी खिचडीबद्दल…" कोण ऐकतोय! साहेबांचा चेहरा मी बघत होते. आधी पांढरा पडला होता, मग हळूहळू रंग परत आला. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "पालकांच्या भावनांशी मी सहमत आहे."

मोठ्या बाईंना काही सुचेना. त्यांनी सरळ राष्ट्रगीत सुरू केलं. सगळे होते तिथे ताठ उभे राहिले. सरसुद्धा, ताटलीसकट.

लोक तरी काय चुकले? आपण पोराला वाढवतो, रक्त आटवतो, आणि कोणीतरी चारचौघांत सांगतो की तुझं पोर खातं ते सरडासुद्धा खात नाही. ते खरं असलं म्हणून काय झालं? खरं होतं म्हणूनच ते जास्त लागलं. सरांना भाज्यांतलं कॅल्शियम कळायचं, माणसाला काय लागतं ते कळायचं नाही. हा माझा त्यांच्यावरचा राग आहे आणि तो मी गिळणार नाही. आणि तरी सांगते, त्या हॉलमध्ये मुलांच्या पोटाबद्दल बोललेला तो एकच माणूस होता, आणि त्याच्याच अंगावर सगळे धावले.

सर अतिरिक्त ठरले. कसे ठरले ते विचारू नका, ठरवायचं असलं की ठरतं. त्यांना शीवच्या पलीकडे एका शाळेत धाडलं, विज्ञानाऐवजी कार्यानुभव शिकवायला. शेवटच्या दिवशी ते सरड्याचं खोकं घेऊन निघाले तर गेटवर शिपायाने अडवलं. साहेबांचा निरोप होता. सरडा डेड स्टॉकमध्ये आहे, शाळेची मालमत्ता आहे, बाहेर नेता येणार नाही. सर कोणाशीच भांडले नाहीत, आणि मला तेच बघवलं नाही. खोकं माझ्या हातात दिलं. म्हणाले, "बाई, सकाळचं ऊन चुकवू नका. आणि पाला धुऊन."

सरडा साहेबांच्या केबिनमध्ये गेला. नवीन काचेची पेटी, खाली हिरवं कार्पेट, आणि डोक्यावर दिवसभर एसी. थंडीत त्याला अन्न पचत नाही, हे मी साहेबांना सांगितलं. "बाई, एवढ्या महागाच्या पेटीत ठेवलाय," ते म्हणाले. येणारे-जाणारे त्याला द्राक्षं घालायचे, बिस्किटं घालायचे, फोटो काढायचे. साहेब नसले की मी मधल्या सुट्टीत त्याला गच्चीवर न्यायची, पदराखाली लपवून, चोरासारखी. रोज कुठे जमतंय? सर संध्याकाळी फोन करायचे. माझी विचारपूस एका शब्दाने नाही. "दाढी काळी पडलीय का? डोळे उघडतो का? पाय कसे आहेत?"

पाय पुन्हा लटपटायला लागले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा तो पेटीत चपटा होऊन पडला होता. शिपायाने डेड स्टॉकमधून नाव कमी करायचं का म्हणून विचारलं. मी सरांना फोन लावला आणि सांगितलं. त्यांनी विचारलं, "शेवटचं काय खाल्लं होतं?"

"द्राक्ष," मी म्हटलं.

त्यांनी फोन ठेवला. तेव्हापासून त्यांचा फोन नाही. मी केला तर उचलत नाहीत. गेटवरचा बॅनर अजून आहे, येत्या ॲडमिशनला उपयोगी पडेल म्हणून.

सभेनंतर आठवडाभर खिचडीत मटकी दिसली, एकदा तर गाजरही होतं. मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. गेल्या आठवड्यात चव घ्यायची पाळी माझी होती. झाकण काढलं. पिवळं पाणी, करपट वास, डाळीचा पत्ता नाही. इतकी वर्षं नुसतं बघून "बरी आहे" म्हणणारी मी, त्या दिवशी काय झालं कोण जाणे, पळी तळापासून फिरवली आणि चमचाभर तोंडात घातली. मीठसुद्धा विसरले होते. मी झाकण लावलं आणि म्हटलं, "परत न्या. सांगा, बाईंनी घेतली नाही."

वाढणारा म्हणाला, "बाई, परत नेली तर आज काहीच नाय. दुसरी कुठनं आणू?"

मला बरं वाटत होतं हो. खूप दिवसांनी. सर इथे असायला हवे होते, असं वाटत होतं.

रांगेत पुढेच श्रावणी उभी होती, ताटली छातीशी धरून. तीच, सरांना प्रश्न विचारणारी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मग झाकणाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"बाई, वाढा ना."

"अगं, चांगली नाहीये ती."

"माहितीय," ती म्हणाली. "भूक लागलीय."

सरड्याला तोंड फिरवता आलं, कारण सकाळी त्याच्या पोटात शेवगा गेला होता. हे ना सरांच्या लक्षात आलं, ना माझ्या. मी झाकण काढलं आणि तिला वाढलं. तिने तिथेच उभ्याने खाल्लं, बोटाने ताटलीची कड पुसून खाल्लं, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.